बाद गड्यांची जागा

दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी जिते, हमरापूर मागे टाकून पेणला येते, तेव्हा मार्गशीर्षात खिडकीबाहेर सगळीकडे कापणी झालेली शेतं असतात. उन्हानं पिवळी पडलेली धसकटं, मधूनच पेंढ्याची उडवी, बांधावर एखादा बगळा. नजर या रंगाला सरावलेली असताना एखाद्या गावाच्या कडेला अचानक एक चौकोन दिसतो. त्यात धसकट नाही, ढेकूळ नाही. माती ओलसर, करडी, तळहातासारखी सपाट. चार कोपऱ्यांना बांबू रोवलेले. एक मुलगा कमरेत वाकून डब्यातली फक्की सोडत मागे मागे सरकतो आहे. गाडी पुढे जाते. कासू येतं, नागोठणं येतं, तिथेही असाच एखादा चौकोन. रोहा येईपर्यंत ते मनात जमत जातात. परक्या माणसाला वाटेल, झोडणीसाठी खळं केलं असेल. इथल्या माणसाला कळतं, कबड्डीचा मोसम लागला.

हा चौकोन एका दिवसात होत नाही. आधी धसकटं मुळासकट उपटायची, कुदळीनं जमीन हलकी करायची, ढेकळं फोडायची. मग खडे वेचायचे. खाडीलगतच्या गावांत खड्यांबरोबर शिंपल्यांचे तुकडेही निघतात, आणि त्यांची धार गुडघ्याला लागली की दहा दिवस तो गुडघा खेळातून गेला. माती चाळून पसरायची, वर पाणी शिंपडायचं, धुमसानं चोपायचं, पुन्हा पाणी, पुन्हा धुमस. माती फार कडक राहिली तर पडणाऱ्याची हाडं दुखतात. फार भुसभुशीत राहिली तर चढाईला गेलेल्याचा पाय रुततो. या दोन्हींच्या मधली नेमकी माती कशी ओळखायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. गावातला एखादा जुना गडी अनवाणी पायानं मैदानावरून दोन फेऱ्या मारतो, टाच दाबून बघतो आणि मान हलवतो. त्या मानेवर सगळं ठरतं.

ज्याचं शेत असतं त्यानंही काही सोडलेलं असतं. खारातल्या जमिनीत भातानंतर दुसरं पीक नाही, पण गोड्या जमिनीत भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. पेणचे वाल नावाजलेले. रस्त्याजवळचा, लोकांना बसायला सोयीचा तुकडा मैदानाला दिला, की त्या वर्षी त्या तुकड्यातला वाल गेला. याचा करार होत नाही. कार्तिकात पोरं घरी येतात, ओटीवर टेकतात, बराच वेळ भलत्याच गोष्टी बोलतात आणि उठताना विचारतात, "काका, यंदा पण तुमचाच तुकडा घेऊ ना?" काका घरात पाहतात. आतून काही आवाज आला नाही, म्हणजे होकार.

नियमानं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. एवढ्याशा जागेत सात विरुद्ध सात. एकजण पलीकडे जातो, एका दमात खेळाचं नाव घोकत, ३० सेकंदांच्या आत कुणाला तरी शिवून परत यायचं. हातात काही नाही, अंगावर कवच नाही. जगातल्या फार थोड्या खेळांना इतकं कमी सामान लागतं. जिथे भाताचं एक पीक आणि मिठागरावरची मजुरी यांवर घरं चालत आली, तिथे हा खेळ रुजावा यात नवल नाही. पण सामान लागत नाही म्हणून एखादा खेळ फार तर एक पिढी टिकेल. पुढच्या पिढीत तो जायचा तर आणखी काहीतरी हवं असतं. ते काय, याचा विचार मी या भागातले सामने पाहताना पुष्कळदा करत बसलो आहे.

सामने रात्रीचे. दिवसा सगळ्यांना काम असतं. जोहे-हमरापूरच्या बाजूची पोरं गणपतीच्या कारखान्यांत असतात; कुणी साच्यातून मूर्ती काढतो, कुणी रंग देतो, हात स्थिर असलेला डोळ्यांची आखणी करतो. रोह्याच्या बाजूची पोरं धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतात. पहिल्या पाळीचा माणूस घरी येऊन आंघोळ करून मैदानावर येतो, दुसऱ्या पाळीचा माणूस कुणाशी तरी पाळी बदलून आलेला असतो. नऊ-साडेनऊला दिवे लागतात. आधी गावदेवीला नारळ. मग मैदानाच्या कडेला वाकून प्रत्येक गडी मातीला हात लावून कपाळाला लावतो. ध्वनिक्षेपकावरचा समालोचक सांगतो, की पुढच्या पकडीला अमुक यांच्याकडून पाचशे एक रुपये. बायका बांधाच्या बाजूला एकत्र, मांडीवर झोपलेली मुलं. त्यांतल्याच एखाद्या आईचा मुलगा चढाईला निघतो आणि ती शेजारणीशी मुद्दाम काहीतरी बोलायला लागते. लोक ओरडले की त्या ओरडण्यावरून तिला कळतं, आला की राहिला.

संघांना बहुधा गावाच्या दैवताचं नाव असतं. हनुमान, गावदेवी, म्हसोबा. रोह्याकडे सोनारसिद्ध धाटाव हे नाव पुकारलं की माणसं सरसावून बसतात, पेणकडे टी. बी. एम. कारावी. नावातलं गाव नुसतं पत्त्यापुरतं नसतं. दैवताची पालखी आणि गावाचा संघ, दोघांचाही मान एकाच घरातून निघतो. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, आणि त्या उत्सवासाठी मुंबई-पुण्याला गेलेला रोहेकर हटकून परत येतो. मोसमातल्या मोठ्या सामन्याच्या रात्री गावोगावी हेच होतं. चाकरमानी शनिवारची शेवटची गाडी पकडतो.

मला मैदानाच्या रेषांपेक्षा मैदानाबाहेरची एक जागा जास्त खेचते. तिथे बाद झालेले गडी ओळीनं बसतात. घाम गळत असतो, छाती वरखाली होत असते, कुणी गुडघ्यावरची माती झटकतो. पण त्यांची नजर मैदानावरून हलत नाही. कारण त्यांचं परत जाणं आता त्यांच्या हातात नाही. आत उरलेल्यांपैकी कुणीतरी समोरचा एक गडी टिपला, तर यांच्यातला एक उठणार. तोही ठरलेल्या क्रमानं. जो आधी बाद झाला तो आधी आत. कर्णधार असला तरी त्याला मधून उठता येत नाही. आतला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा पकड करतो, तेव्हा बाहेर बसलेला तिशीचा नामवंत चढाईपटू जिवंत होतो. कितीही कसलेला असो, या खेळात स्वतःला स्वतः उठवता येत नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. कबड्डीला हुतूतू म्हणत त्या जुन्या काळात खेळाचे तीन प्रकार खेळले जात. अमर या प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडायचा नाही. फक्त गुण मोजायचे. गामिनीत बाद झालेला गडी गेला तो गेलाच. सगळा संघ संपेपर्यंत त्यानं बाहेरच राहायचं. तिसरा संजीवनीचा, जिथे समोरचा एक बाद झाला की आपला एक परत येतो. १९२३ साली बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. त्या सुमाराला महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांमधली माणसं नियमांची जुळवाजुळव करत होती. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ उभा राहिला. या सगळ्या प्रवासात तीन वाटांपैकी परत उठवणारी वाट पुढे आली आणि आजची कबड्डी तिच्यावरच उभी राहिली. कुणालाही मरण नसेल तर धाक नाही, आणि मेलेला परतच येणार नसेल तर आशा नाही. बहुतेक खेळणाऱ्यांनाच हे आधी उमगलं असावं. सगळा संघ बाद होऊन लोण चढला, तरी समोरच्याला दोन गुण देऊन सातही गडी पुन्हा उभे राहतात. पूर्ण हरल्यावर पूर्ण संघ परत मिळतो.

पेणच्या खारपट्ट्यात माझ्या नात्यातले एक आप्पा होते. ते उजव्या कोपऱ्याला खेळायचे. चढाईचा गडी बोनसला पाय टाकायला आला, की तो पाय टेकतो न टेकतो तोच त्यांचे दोन्ही हात चवड्यावर. हाताची बोटं घोट्याखाली कशी गुंफायची, अंगठा कुठे ठेवायचा, पकडल्यावर आपलं डोकं कुठल्या बाजूला न्यायचं म्हणजे लाथ लागणार नाही, हे त्यांनी पुतण्याला शिकवलं. अंगणात, संध्याकाळी, तुळशीच्या पलीकडच्या जागेत. शिकवताना ते फार बोलत नसत. "पायाकडं बघू नको, कमरेकडं बघ. पाय खोटा बोलतो, कंबर खोटी बोलत नाय." एवढंच. पुतण्या वयात आला आणि एका मोसमात आप्पा संघाच्या बैठकीला गेलेच नाहीत. घोषणा नाही, सत्कार नाही. उजवा कोपरा रिकामा दिसला, पुतण्या तिथे जाऊन उभा राहिला. पुढे आप्पा मैदानाच्या कडेला, बाद गड्यांच्या मागच्या बाजूला बसू लागले. पुतण्यानं चवडा धरला की त्यांची स्वतःची बोटं धोतराच्या सोग्यात वळलेली मी पाहिली आहेत.

मोठ्या परंपरा कशा सांभाळल्या जातात याच्या गोष्टी आपण दूरदेशीच्या वाचतो. अमेरिकेत महाविद्यालयांचं बेसबॉल हे असंच एक जग आहे. त्यांची विश्वमालिका १९५० पासून ओमाहा या शहरात भरते आणि तिथे पोचणं हेच कित्येक मुलांचं स्वप्न असतं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानं या मालिकेची १२ विजेतेपदं मिळवली. रॉड डेडो नावाचे प्रशिक्षक १९४२ पासून १९८६ पर्यंत त्या एकाच संघापाशी राहिले. तिथे आठवण जपायला इमारत आहे, भिंतीवर लावलेली विजयवर्षं आहेत, जुन्या खेळाडूंच्या भेटीचे ठरलेले दिवस आहेत. दर वर्षी मुलं येतात, चार वर्षांनी जातात आणि संस्था तिथेच राहते.

इकडे चित्र उलटं आहे. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात किंवा रोह्याच्या कॉलेजात शिकणारा मुलगा महाविद्यालयाच्या बनियनवर मुंबई विद्यापीठाच्या स्पर्धांना जातो, पण त्याचा खेळ घडलेला असतो गावात. त्याची भिंत म्हणजे समाजमंदिराची भिंत. तिथे फळीवर चषक ओळीनं मांडलेले, काहींचा सोनेरी रंग उडालेला, काहींचे कान तुटलेले. गणपतीच्या आधी मंडळाची मुलं ते उतरवून पुसतात आणि एकमेकांना विचारतात, "हा कुठला रं?" कुणालाच सांगता येत नाही तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला हाक जाते. तो चष्मा पुसतो, चषक उलटसुलट करतो आणि सांगू लागतो. अंतिम सामना कुणाशी होता, शेवटच्या दोन मिनिटांत काय झालं, परत येताना टेम्पो कुठे बंद पडला. गुणसंख्या दर वेळी थोडी बदलते. टेम्पो मात्र दर वेळी त्याच वळणावर बंद पडतो.

चांगला खेळणारा गावात फार दिवस राहत नसे. मुंबईत गिरण्यांचे संघ होते, बँकांचे, रेल्वेचे, पोलिसांचे, बंदराचे. कबड्डीनं कोकणातल्या कितीतरी घरांत पहिला मासिक पगार आणला आहे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत दिसलं, राज्याच्या संघात नाव लागलं, की नोकरीचं दार किलकिलं होई. आजही शासकीय भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, यांच्यासारख्या माणसांनी हा खेळ गल्लीतून उचलून आशियाई स्पर्धांपर्यंत नेला. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० ला बीजिंगला कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली आणि भारतानं सुवर्ण आणलं. २०१८ ला जकार्तात पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला, महिला अंतिम फेरीत २४-२७ नं. तेव्हा इथल्या नाक्यांवर सुतकासारखी शांतता होती. २०२३ ला हांगझोऊला दोन्ही सुवर्णं परत आली.

मुंबईला गेलेला गडी गावाच्या दृष्टीनं बाद झालेला असतो, असं मला पूर्वी वाटे. आता तसं वाटत नाही. तो बाहेर बसलेला असतो, एवढंच. मोसमात तो नव्या पोरांसाठी बनियन पाठवतो, कंपनीच्या सरावात शिकलेला एखादा डाव सुट्टीत येऊन दाखवतो, आणि गावाचा संघ उपांत्य फेरीत गेला की रात्री अकराला फोन करून विचारतो, "किती झाले?"

मुलींना या ओळीत जागा मिळायला वेळ लागला. गावच्या रात्रीच्या सामन्यात त्या बरीच वर्षं बांधावर होत्या. शाळेच्या मैदानानं त्यांना आधी आत घेतलं. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. राज्य सरकारनं प्रत्येकीला एक कोटीचं बक्षीस दिलं, तेव्हा म्हात्रे हे आडनाव ऐकून आमच्याकडच्या आगरी घरांत जे काही हललं, ते आकड्यापेक्षा मोठं होतं. त्यानंतर घरचा बाप मुलीला शाळेच्या सरावाला सोडायला स्वतः मोटारसायकलवरून जाताना दिसू लागला. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. गावात आता पुरुषांच्या रेषांच्या आत दुसरी, थोडी लहान चौकट आखतात. एकाच मातीवर दोन चौकटी. आईकडून मुलीकडे जाणारा कोपरा अजून फारसा नाही. ती पहिली आई आत्ता कुठे खेळते आहे.

आता मॅटही आली आहे. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि दूरदर्शन संचावर पायात बूट घातलेले गडी दिसले. मॅटवर खेळ वेगळा होतो. पाय घट्ट धरतो, घसरून कोपरा गाठण्याची जुनी चाल चालत नाही, तिसरी चढाई निर्णायक असल्यानं उगाच वेळ काढता येत नाही. जुने लोक मातीसाठी हळहळतात, आणि पोरं मॅटच्या सरावासाठी दोन गाड्या बदलून जातात. मला दोघांचंही पटतं. पुढे जायचं असेल त्याला मॅट हवीच. पण माती ही दर वर्षी करावी लागते, आणि ती करायला वीस जणांना एकत्र यावं लागतं. मॅट पसरायला भाडं लागतं. एकत्र येण्याच्या त्या संध्याकाळींची भरपाई कशानं होते, ते मला कळलेलं नाही.

कारण ही सगळी भूमीच मुळी एकत्र येऊन केलेली आहे. पेणच्या खारपट्ट्यात भरतीचं पाणी बाहेर ठेवणारे बांध पूर्वजांनी खांद्याला खांदा लावून घातले. उधाणाला बांधाला खांड पडली की एका घराचं शेत जात नाही, सगळ्या गावाचं जातं. म्हणून खांड बुजवायला सगळं गाव धावतं. मैदानावर चढाईचा गडी आत येतो आणि दोन्ही कोपरे, मधले, एकमेकांचे हात धरून साखळी करतात, तेव्हा मला हटकून तो बांध दिसतो. एक हात सुटला की पाणी आत. २००८ च्या सप्टेंबरात याच तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. तो प्रकल्प काही उभा राहिला नाही. त्या मतदानाच्या रांगेतली माणसं मोसमात एकमेकांच्या संघांविरुद्ध खेळलेली होती. कुणाची पकड किती घट्ट, हे एकमेकांना नीट ठाऊक होतं.

तरी जमीन सरकतेच आहे. महामार्ग रुंद होतो, रस्त्याकडेच्या तुकड्याला भाव येतो, मैदान दर दोन-चार वर्षांनी थोडं आत, खाडीच्या बाजूला जातं. काही गावांत सात गडी जमवायला शेजारच्या वाडीतून दोन मागवावे लागतात. घरं मोठी झाली, मुलं एक किंवा दोन झाली, आणि त्यांतलाही एक शिकायला पुण्याला. याचं वाईट वाटून घेऊ नये असं मी स्वतःला सांगतो. कुणी कुठे राहावं हे खेळानं ठरवू नये.

पण एक प्रश्न उरतो. बाहेर बसलेल्यांना उठवायला आत कुणीतरी खेळत राहावं लागतं; आत एक जरी गडी उरला, तरी नियमानं संघ जिवंत असतो. आमच्या गावांमध्ये आज आत खेळणारे किती आणि बाहेर, मुंबईत, ठाण्यात, आखातात बसून डोळे लावणारे किती? त्या एकट्या उरलेल्या पोरानं समोरच्याला टिपलंच, तर उठायची पाळी क्रमानं ज्याची येईल, तो परत येईल का? येईलही. या खेळात माझ्या डोळ्यांदेखत सहा गडी बाद झालेले संघ सामने जिंकून गेले आहेत. मोसम तोंडावर आलाय, आणि कुठल्या तरी ओटीवर पोरं आत्ता जमिनीची गोष्ट काढायच्या बेतात असतील.